भाईदासचा एक, उखर्डूचे दोन

देवपूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबची प्रमुख मी आणि लॅब असिस्टंट भाईदास. हे कागदावर. खरं तर लॅब चालवायचा तो, मी नुसती ओरडायचे. शिंदखेड्याकडचा माणूस, पुस्तकं वाचून प्रोग्राम लिहायला शिकलेला, स्वभावानं गरीब. पण एक खोड होती. मशीननं सांगितलं की त्याच्यासाठी ती काळ्या दगडावरची रेघ.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या मोठ्या मशीनला दुसरा प्रोसेसर घ्यायचं ठरलं. जळगावच्या नेमीचंदशेठनी त्यांच्या दुकानातला मेकॅनिक उखर्डू पाठवला. उखर्डू भडगावचा, शेठकडे नऊ वर्षं कामाला. ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत आला, प्रोसेसर बसवला, पेटीला शेठचं सील लावलं आणि गेला. तेव्हा समोर कुणीच नव्हतं. मीसुद्धा माहेरी आंबे खात बसले होते, आता बोलून काय उपयोग!

जूनमध्ये प्राचार्य म्हणाले, नीट तपासून घ्या. सील तोडायला बंदी. मग भाईदासनं दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. मशीनलाच विचारायचं, बाबा रे, तुझ्यात प्रोसेसर किती? उत्तर आलं, एक. पुन्हा चालवला. एक. प्राचार्यांनी शेठना पत्र धाडलं, खाली आम्हा दोघांच्या सह्या. शेठनी उखर्डूला कामावरून काढून टाकलं.

चार दिवसांनी शेठ त्याला घेऊन आले आणि सर्वांसमक्ष सील फोडलं. आम्ही वाकून पाहतो तर आत प्रोसेसर दोन! मी म्हटलं, सुटला बिचारा. भाईदासनं प्रोग्राम चालवला. एक.

आता बोला! डोळ्यांना दोन, मशीनला एक. माझं तर डोकंच चालेना. शेठ म्हणाले, "म्हणजे चांगला काढून मेलेला बसवला यानं."

"मी चोर नही शे, शेठ," उखर्डू एवढंच म्हणाला आणि पिशवी उचलून निघाला. मला त्याची दया आली आणि संशयही आला. खोटं कशाला बोलू?

भाईदास आठवडाभर प्रोग्राम उलटापालटा करत राहिला. डबा तसाच परत न्यायचा. "मॅडम, खोटं कोण? प्रोग्राम की माणूस?" असं रोज विचारायचा.

त्यातच डेड स्टॉकची तपासणी आली. लॅबमधल्या वस्तू दरवर्षी मोजून रजिस्टरवर सही करायची असा नियम. आमची मोजणी कशी? मी रजिस्टर वाचायचं, "स्टुलं चाळीस," आणि भाईदासनं जागेवरूनच म्हणायचं, "बठ्ठं बराबर शे," म्हणजे सगळं बरोबर. त्या वर्षी मी स्टुलं चाळीस म्हटलं आणि हा उठला. खरोखरच मोजायला लागला. बेचाळीस! दोन कुणीतरी मागाहून आणून ठेवलेली, रजिस्टरात त्यांचा पत्ताच नाही.

"अहो मॅडम, मशीनला मी मोजायला लावलंच नाही! रजिस्टरच वाचून घेतलं!" तो ओरडला.

मला कळेना, मग त्यानं समजावलं. विंडोज एनटी, म्हणजे मशीन चालवणारी मूळ प्रणाली, बसवली तेव्हा मशीनमध्ये प्रोसेसर एकच होता, म्हणून तिनं एकच धरला. दुसरा मागाहून आला, पण तिच्या लेखी तो नव्हताच. आणि प्रोग्राम विचारत होता तिलाच. भाईदासनं दोन्ही प्रोसेसर आत असताना एनटी पहिल्यापासून बसवली आणि प्रोग्राम चालवला. दोन.

मला हसू फुटलं. तो मात्र डोकं धरून बसला. "एका माणसाला चोर ठरवलं मी," म्हणाला.

शेठना फोन केला. ते म्हणाले, उद्यापासून येऊ दे कामावर. पण भाईदासला तेवढ्यानं चैन पडेना. रविवारी आम्ही दोघं एसटीनं भडगावला गेलो, दोनचा आकडा छापलेला कागद घेऊन. उखर्डू ओट्यावर बसला होता. भाईदासनं हात जोडले, झालेली चूक सांगितली आणि कागद पुढं केला. उखर्डूनं तो हातातही घेतला नाही.

"माले कसाले दखाडस, भाऊ? बसाडनारा मीच," तो म्हणाला. "घरमा जा, मनी बायकोले दखाड. ती बी माले इचारस, कोठे दपाडं?"

कागद बायकोला दाखव म्हणत होता, कारण तीसुद्धा विचारत होती, प्रोसेसर कुठं लपवलास म्हणून. आत भाकरी थापायचा आवाज थांबला. त्याची बायको भागाबाई पिठाच्या हातांनी दारात आली, आणि आमच्याकडे न बघता नवऱ्याकडे बघत उभी राहिली.