चावी आत, कुलूप बाहेर

कुणाच्याही गाडीत बसण्याआधी मी विचारते, बॅटरी गेली तर हे दार उघडतं कसं? लोकांना वाटतं, म्हातारी सनकी आहे. वाटू दे. दाखवल्याशिवाय मी आत पाय टाकत नाही. बहुतेकांना ते ठाऊकच नसतं आणि वर माझ्याकडेच बघून हसतात, याचा मला भयंकर राग येतो.

नव्या नव्या गाड्या बाजारात यायला लागल्या तेव्हाची गोष्ट. कर्ज सहज मिळायला लागलं आणि आमच्या बरकतपुऱ्यातल्या गल्लीत जो तो गाडी घेत सुटला. सरकारी नोकरीतल्या माझ्या नवऱ्यालाही वेड लागलं. गाडी आली. साधी, छोटी, चांगली होती बिचारी. पण ह्यांना चैन कुठली. शेजाऱ्याच्या काचा बटणाने खाली होतात म्हणून ह्यांनीही दुकानात जाऊन तशा करून घेतल्या. काच फिरवायची हँडलं गेली. मग गाडी सुरू केली की आपोआप लागणारी कुलपं बसवली. एवढ्यावर थांबतील तर ते कसले. काचेच्या कडेला वर-खाली होणारी कुलपाची जी छोटी खुंटी असते, ती चोर तार घालून ओढतात असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं. झालं. चारही दारांच्या खुंट्या काढून टाकल्या. मी विचारलं, "अहो, बटण चाललं नाही तर?" म्हणाले, "न चालायला काय झालं? नवीन आहे."

मे महिन्यातल्या एका दुपारी सासूबाईंना सुलतान बाजारातून लोखंडी खलबत्ता हवा होता. ऑटोने सुखाने जाऊन आलो असतो. पण नाही, ह्यांना आईला एसीतून न्यायचं होतं. येताना बंड्यांच्या, म्हणजे हातगाड्यांच्या, आणि बसच्या गर्दीत गाडी अडकली, एसी चालूच, आणि इंजिन बंद पडलं ते पडलंच. चावी फिरवली तर नुसतं टकटक, मग तेही नाही. बॅटरी खलास. काचा वर, दारं बंद. आतली कडी ओढून ओढून माझी बोटं दुखायला लागली. बाहेरून चावी लावली असती तर ड्रायव्हरचं दार उघडलं असतं, पण चावी आमच्यापाशी आत आणि तिचं भोक बाहेर. काय म्हणावं या अकलेला.

सासूबाईंना दमा. जवळच तर जायचंय म्हणून पंप घरीच राहिलेला. मागे माझ्याशेजारी बसून त्या पदराने वारा घेत होत्या, थोड्याच वेळात तेही थांबलं. पुढची सीट धरून त्या वाकल्या आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ओठ काळसर पडले. मी घाबरले, अगदी मनापासून घाबरले, की या आता इथेच जातात, भर बाजारात, माणसांच्या गराड्यात. बाहेरून एकजण काचेवर थापा मारत होता, "साब, कांच तोड दो, अम्माँ का दम घुट रा."

"अहो, काच फोडा," मी म्हटलं.

"थांब जरा. लोक मेकॅनिकला आणायला गेलेत."

"आईंकडे बघा तरी."

ते चावी फिरवत राहिले. "अगं, सगळं वायरिंग दारात आहे. नवीन काच आहे. दोन मिनिटं."

माझं डोकंच फिरलं. दोन मिनिटं होती कुणाकडे? सासूबाईंच्या पायाशी पिशवी होती, तिच्यातून बत्ता काढला, त्यांचं तोंड पदराने झाकलं आणि माझ्या बाजूच्या काचेवर घातला. मधोमध मारला तर उसळून परत आला. कोपऱ्यात मारला तेव्हा सगळी काच खडीसाखरेसारखी अंगावर सांडली. ह्यांच्या हातातली चावी हिसकावून मी बाहेर दिली. ड्रायव्हरचं दार उघडलं, मागची दोन्ही तशीच बंद. मग पुढच्या दोन सीटांच्या फटीतून सासूबाईंना मी मागून ढकललं आणि लोकांनी पुढून ओढलं. साडीची, केसांची काय दशा झाली ते विचारू नका. एका कापडवाल्याने त्यांना पंख्याखाली बसवून पाणी दिलं.

हे गाडीपाशीच उभे. म्हणाले, "फुटकी गाडी अशी रस्त्यात टाकून कसा येऊ?" मी ऑटो केला आणि सासूबाईंना घेऊन नल्लकुंट्याच्या आमच्या डॉक्टरांकडे निघाले.

वाटभर माझं तोंड सुरू होतं. वस्तू जपायच्या, माणसं गेली खड्ड्यात, लग्न झाल्यापासून हेच बघतेय, असं बरंच काही. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. लेकाविरुद्ध अवाक्षर ऐकून न घेणारी बाई; आता चिडतील, मग चिडतील, असं मला वाटत होतं. दवाखान्यापाशी ऑटो थांबला तेव्हा त्यांनी माझा हात धरला. श्वास अजून पुरता लागत नव्हता.

"गाडीत मी समोरच्या आरशात त्याच्याकडेच बघत होते," त्या म्हणाल्या. "एकदाही मागे वळला नाही गं."

मी त्यांना धरून ऑटोतून उतरवलं.

"मला हे दिसलं, ते त्याला कळू देऊ नकोस."