ग्रहणातली सुरी

दोन्ही तळवे गालांवरून सरकवत ओठांपाशी आणायचे आणि म्हणायचं, "पोटात बाळाचा चेहरा असा जुळतो, बघा." आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमची ही सवय, भेटेल त्याला समजावायची. काशीमीऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये एका रिक्षावाल्याने शेवटी हात जोडले, "समझ गया मॅडम, अब गाडी चलाने दो." मी केमिस्ट्रीचा, त्यात त्यांचा शेजारी, माझी तर सुटकाच नव्हती.

आमच्याकडे मासळी आणणाऱ्या चौक गावच्या कोळणीला दुभंगलेल्या ओठाचा मुलगा झाला. ग्रहणात हिने मावरं, म्हणजे मासळी, कापलं म्हणून पोराचा ओठ कापला गेला, असं म्हणून सासूने तिला नुसतं फाडून खाल्लं. मॅडम मला ओढतच चौकला घेऊन गेल्या.

"मावशी, पोटातल्या बाळाच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात," त्या सासूला म्हणाल्या. "एकट्या निरोपाला कोण विचारत नाही. दोन-चार एकदम पोचले तर जनुकं कामाला लागतात आणि ओठ सांधतो. त्यात काही चुकलं तर फट राहते. पण हे सगळं दुसऱ्या महिन्यातच उरकतं. ग्रहणाला हिला कितवा होता?"

"सातवा."

"मग? ओठाचं काय व्हायचं ते कधीच होऊन गेलं होतं."

सासूने पोराला उचलून मांडीवर घेतलं. पुढे त्याचं ऑपरेशनही चांगलं झालं.

मग मॅडमच्याच सुनेला दिवस गेले. आठव्यात ग्रहण आलं. मी तिथेच बसलो होतो. सून काकडी चिरायला लागली तशा मॅडम उठल्या आणि तिच्या हातातली सुरी काढून घेतली. "राहू दे गं आत्ता."

"दुसऱ्या महिन्यातच उरकतं ना?" मी चिडवलं.

"माहितेय मला. तरी भीती वाटतेय."

नात झाली, छान धडधाकट. सुनेने कौतुकाने अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं, "आईंनी सुरी घेतली म्हणून सगळं नीट झालं."

ते कानावर गेलं आणि चार दिवसांनी कोळीण मॅडमच्या दारात आली. टोपलीही खाली ठेवली नाही. "मॅडम, म्हंजे माज्याच हातून झालं ना?"

मॅडमनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती मान हलवत ऐकत राहिली. "तुमी एवढ्या शिकलेल्या," ती म्हणाली, "तरी घेतली ना सुरी?"

त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. मॅडम एकट्याच चौकला जाऊन आल्या. भेटली का, विचारलं तर म्हणाल्या, "सासू भेटली. ती स्वतः बाहेर आलीच नाही."

आता मॅडम नाहीत. त्यांनी सांगितलेलं सगळं खरं होतं, तरी त्या एका सुरीपुढे ते टिकलं नाही, याचंच मला फार वाईट वाटतं. ती कोळीण अजून स्वतःलाच दोष देत असेल.