एका बाटलीचा डॉक्टर

लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा मी सातवीची फायनल पास होते आणि गणितात गावच्या शाळेत पहिली. या दोन्ही गोष्टी मी कुणी न विचारता सांगायची. पण सांगणार कुणाला? हे सकाळी ऑफिसला जात ते दिवेलागणीला परत. चाळीतल्या बायका दुपारी एकमेकींच्या दारात तांदूळ निवडत बसत. माझ्या दारात कुणी बसत नसे. मी खिडकीआडून त्यांचं बोलणं ऐकायची आणि त्या हसल्या की आत एकटीच हसायची.

बोलणं बहुतेक डॉक्टरांचं. एक स्टेशनजवळचा, तरुण, पॉलिश केलेल्या बुटांचा. दुसरा देवळामागचा, म्हातारा, स्वतःच खोकणारा. घरून रिकामी बाटली न्यायची. कंपाउंडर औषध भरून डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून द्यायचा. दोघांत चांगला कोण, यावर रोज वाद.

मी वही काढली. आजारी कोण, डॉक्टर कुठला, बाटल्या किती लागल्या. सगळं खिडकीतून कळायचं. दोनेक महिन्यांत निकाल तयार: स्टेशनवाल्याची एक बाटली, म्हाताऱ्याच्या चार-पाच.

एका दुपारी धीर करून खिडकीतूनच ओरडले, “स्टेशनवाला एका बाटलीत बरं करतो! माझ्याकडे लिहून आहे.”

“लिहून?” शेजारच्या मालवणी काकू उठल्याच. “हाड बघू गो ती वही!” आणि खिडकीतून हात पुढे केला.

त्या दिवसापासून तांदळाची सुपं माझ्या दारात आली. काकू आणि आणखी तिघी. कुणाचं पोर शिंकलं तरी “वहिनी, वहीत बघा ना” व्हायचं. मी चष्मा नसताना चष्मा सावरल्यासारखी वही उघडायची. केवढा तो तोरा!

पावसाळ्यात मलाच ताप आला. अर्थात स्टेशनवाल्याकडे गेले. बाटली संपली, ताप तसाच. हे म्हणाले, “आता देवळामागच्याला दाखवू.” त्याच्या चार बाटल्यांनी उतरला. अंथरुणात बसून मी वहीत लिहायला घेतलं: स्टेशन, एक. देऊळ, चार. आणि हात थांबला. स्टेशनवाल्यानं मला बरं कुठे केलं होतं? मी नुसती त्याला सोडून गेले होते.

काकूंना विचारलं, “तुमच्या नातवाला एकच बाटली लागली होती ना? मग?”

“मग काय? उतार पडूक नाय, म्हणून म्हाताऱ्याकडे नेलंव.”

एकेकीला विचारलं. बहुतेकींचं तेच. जो बरा होत नसे, तो म्हाताऱ्याच्या गळ्यात. आणि मी त्या बिचाऱ्याला नापास करत होते.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. दुपारी दार भरलेलं राहिलं असतं. पण पोरांच्या तापाचा प्रश्न होता. चौघी बसल्या होत्या, तेव्हा सांगून टाकलं.

“म्हणजे वही खोटी?” एक म्हणाली.

“आकडे खरे आहेत. मी चुकले.”

“मग आता जायचं कुणाकडे?”

“मला नाही माहीत.”

कुणी रागावलं नाही. दुसऱ्या दिवशी सुपं काकूंच्या दारात गेली, एवढंच. मी चार दिवस दार उघडं ठेवलं, मग खिडकीशी परत.

सांगितल्याचा पस्तावा आजही नाही. पण गणितात पहिली आलेल्या बाईनं चौघींना एकदम सांगावं? एकेकीला वेगळं बोलावून सांगितलं असतं, तर आणखी चार दुपारी सोबतीत गेल्या असत्या.