दर्याकडचं दार

दिंडोशीच्या धोंडिरामला रागवायला मुहूर्त लागत नाही. त्याची बायको शकु म्हणते, "लोकांच्या नाकावर राग असतो, आमच्या ह्यांच्या नाकावर त्याने खोलीच घेतलीय." हसतात सगळे. पण राग उगाच येत नाही हो. बुलढाण्याकडून सतराव्या वर्षी मुंबईत आलेला हा माणूस तीस वर्षं फायबरची दारं बसवतोय, आणि तीसही वर्षं लोक त्याला बाथरूमवालाच म्हणतायत. फायबर म्हणजे न्हाणीघराचं दार, हे मुंबईकरांच्या डोक्यात एकदा बसलं ते बसलं. घराचं मोठं दार म्हणजे सागवान. ते बसवायला सुतार बोलवायचा, त्याच्या हातात नारळ द्यायचा, टॉवेल-टोपी द्यायची. धोंडिरामला काय, तर "काका, चपला बाहेर, सरळ आत जा, डावीकडे." अख्ख्या आयुष्यात एका घराचं मोठं दार त्याच्या हातून बसलं नव्हतं. हे त्याला फार खुपायचं, आणि तो ते लपवायचाही नाही.

गेल्या वैशाखात खारदांड्याहून सोनूबाईचा फोन आला. सोनूबाई मासळीवाली, पासष्टीची. नवरा महादू जाऊन सहा वर्षं झालेली. घर अगदी दर्याच्या तोंडावर, दार पश्चिमेला. दार लाकडाचं. उन्हाळ्यात दुपारी हात लावाल तर चटका, आणि पावसाळ्यात ते फुगून चौकटीत असं बसायचं की दोन धडधाकट माणसं ओढायला लागायची. मागल्या श्रावणात सोनूबाईने दोन्ही हातांनी जोर लावून ते ओढलं आणि तिचा उजवा खांदा निकामी झाला. मुलगा कृणाल आणि सून निशा नोकरीला अंधेरीला जातात. म्हणजे पावसाचे चार महिने ही बाई सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत स्वतःच्या घरात कोंडलेली.

"मला एका हाताने उघडणारं दार पाहिजे," ती म्हणाली. "बाकी मला काय नको."

धोंडिराम दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन हजर झाला. कृणाल आणि निशा सुट्टी घेऊन घरी थांबले होते. कृणालने मोबाइलवर फोटो काढून दाखवले. सागवान, वर मोर, खाली कमळ. "काका, बदलायचंच तर झकास करू ना. फायबर काय, बाथरूमसारखं दिसेल यार."

झालं. धोंडिरामचा पारा चढला. "मोर लावून तुझी आई बाहेर येणार आहे का? दार डोळ्यांनी निवडतोस? अरे, दार निवडायचं ते वाऱ्याकडे बघून, उन्हाकडे बघून. इथे खारं वारं लोखंड खातं, लाकूड तर त्याचा नाश्ता. आणि फायबर फायबर करून नाक मुरडू नकोस. बाथरूमचं दार पातळ असतं, आतून पोकळ. हे बघ." त्याने पिशवीतून कापलेला तुकडा काढून टेबलावर आपटला. बाहेर फायबरची जाड कातडी, आत फोम ठासून भरलेला. "उन्हाचा ताप आत येत नाही. पाणी पीत नाही. कडेने रबराची पट्टी, बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या. लोखंडाच्या कोणी लावतो म्हणाला तर त्याला बाहेरूनच घालवा."

निशा म्हणाली, "बोलायला काय, सगळेच दुकानदार बोलतात ना काका."

हा टोमणा धोंडिरामला लागला, पण पटलाही. त्याने तिला दर्याचं बादलीभर पाणी आणायला लावलं. त्यात फायबरचा तुकडा बुडवला, त्याच्या शेजारी पिशवीतलाच सागवानाचा एक तुकडा बुडवला, दोन्हींची जाडी टेपने मोजून भिंतीवर पेन्सिलीने लिहिली आणि वर दगड ठेवला. "आठ दिवस हात लावायचा नाही," म्हणाला आणि चहाही न घेता निघून गेला. त्याची ही रीतच आहे. गिऱ्हाइकाशी वाद घालून थकला की बादली मागतो.

आठव्या दिवशी निशाने स्वतः मोजलं. फायबरचा तुकडा होता तेवढाच. सागवान अर्धा सूत, म्हणजे दीडेक मिलिमीटर फुगलेलं. कृणाल बघत राहिला, मग म्हणाला, "ओके काका. फायबर करू." धोंडिराम इतका खूश झाला की त्या दिवशी चहा दोनदा प्यायला. मोठं दार! शकुला फोन करून सांगितलं.

दार नव्या चौकटीसकट तयार होऊन टेम्पोने आलं त्या सकाळी कृणाल जुन्या चौकटीपाशी उभा राहिला. "काका, फक्त दार बदला. चौकट नाही काढायची. उंबरा बाबांनी बसवलाय, आई रोज हळदकुंकू लावते त्याला."

"वेडा आहेस का रे?" धोंडिराम ओरडला. "लाकडाची चौकट फुगली की नव्या दाराला आवळणार. ऑगस्टमध्ये तुझी आई परत आत! पैसे पाण्यात, माझं नाव पाण्यात. चौकट, उंबरा, सगळं निघालं पाहिजे. नाहीतर मी दार परत नेतो."

"मग न्या," कृणालही चिडला. "बापाची एवढीच आठवण उरलीय घरात. तुम्हाला काय त्याचं."

धोंडिरामने खरंच हत्यारं पिशवीत कोंबायला घेतली. एवढी वर्षं वाट पाहिलेलं दार टेम्पोत परत चढणार होतं. पण फसवं दार बसवून द्यायची त्याची तयारी नव्हती.

"थांब रे धोंडिराम." सोनूबाई मोरीतून पुढे आली. आवाज चढवला नाही तिने. "कृणाल, तुला ठाऊक नाय म्हणून सांगते. मला बाजारातून यायला उशीर झाला की तुझा बाप आतून कडी घालायचा. ह्या उंबऱ्याबाहेर मी पावसात बसून राहायची. टोपली डोक्यावर धरून. तू पोटात होतास, तेव्हा पण."

कृणालचं तोंड उतरलं. "मग हळदकुंकू…"

"लोक बघतात म्हणून. घरची लक्ष्मी ना मी." ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "आधी ह्याच्याबाहेर बसले, आता ह्याच्या आत कोंडून बसते. काढ तो."

धोंडिराम खाली बसला, पहार सांध्यात घातली आणि जोर लावला. लाकूड हलेना. मग कृणाल पुढे आला, आईकडे न बघता शेजारी बसला आणि त्याने पहारीला हात लावला. दोघांनी मिळून उंबरा उपटला. खालून ओली माती आणि गंजलेले खिळे निघाले.

"मावशी, हा कुठे ठेवू?" धोंडिरामने विचारलं. "दर्यात सोडू?"

"दर्यात नको," सोनूबाई म्हणाली. "दर्या आमचा देव आहे. कचऱ्याच्या गाडीत टाक."