‘चुकीचे’ नावाचा फोल्डर

कुठल्याही वस्तूच्या आत काय आहे ते बघायची मला लहानपणापासून खोड. घरचा रेडिओ उघडला म्हणून एकदा मार खाल्ला आणि तो परत जोडता आला नाही म्हणून दुसऱ्यांदा खाल्ला. पुढं लातूरजवळच्या मुरुडच्या पलीकडं एका गावात, निजामाच्या काळापासून चालू असलेल्या शाळेत, मी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले. तिथं उघडण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे कार्यालयातला कॉम्प्युटर.

त्यात एक फोल्डर होता आणि त्या एका फोल्डरात शाळेचा सगळा जन्म कोंबलेला होता. कोणता विद्यार्थी कधी आला, कधी गेला, हे ज्यात लिहितात त्या दाखल-खारीज रजिस्टरांची दोन हजारांवर पानं स्कॅन करून ठेवलेली. हे काम मी यायच्या आदल्या उन्हाळ्यात आमच्या शिपायांनी केलं होतं. त्यांना सगळी शाळा चाचा म्हणायची. पानाच्या डोक्यावर जे साल असेल तेच त्यांनी फाइलला नाव म्हणून दिलं होतं, पुढं पानाचा आकडा. “जे लिवलंय ते टाकायचं म्याडम, आपलं डोकं चालवायचं न्हाई,” असा त्यांचा खाक्या. जुनी रजिस्टरं हात लावला की भुगा व्हायची, म्हणून ती कपाटात कुलूपबंद झाली होती. कुणी उतारा मागायला आलं की मी त्या दोन हजार पानांत डोळे फोडत बसायची.

लातूरहून शाळेत जायला एसटीनं तासभर लागतो. त्या तासात मी मोबाइलवर पायथन, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम द्यायची भाषा, शिकायला लागले. शेजारच्या बायकांना वाटायचं मी मालिका बघते, आणि बघताना मी हसायची-चिडायची तशीच. मला हवं होतं ते फार साधं होतं. फाइलच्या नावातले पहिले चार आकडे वाच, त्या सालाचा फोल्डर नसेल तर तयार कर, फाइल उचलून त्यात टाक. मनात तीन वाक्यं होती, पण ती कॉम्प्युटरला समजतील अशी लिहायला, म्हणजे त्यांची स्क्रिप्ट बनवायला, मला तीन आठवडे लागले.

पहिल्यांदा चालवली तेव्हा स्क्रिप्टनं सगळ्यात आधी स्वतःलाच उचलून ‘इतर’ नावाच्या फोल्डरात टाकलं. ती त्याच जागी ठेवलेली होती आणि तिच्या नावात साल नव्हतं. मी अर्धा तास तिला शोधत होते. सापडली तेव्हा इतकी हसले की चाचा पाण्याचा तांब्या घेऊन आले. दुसऱ्यांदा मात्र जमलं. डोळ्यांदेखत तो फुगलेला फोल्डर रिकामा होत गेला आणि सालांचे फोल्डर एकाखाली एक उगवत गेले. मी मुख्याध्यापक सरांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, “बरं झालं,” आणि पोषण आहाराच्या पत्राचं काय झालं ते विचारलं.

काही फाइलींच्या नावात टायपिंगच्या चुका होत्या. १९५६ च्या जागी १०५६, असलं काहीतरी. त्यासाठी मी एक नियम घातला. साल १९०० पेक्षा लहान असेल किंवा अजून उजाडायचं असेल, तर ती फाइल ‘चुकीचे’ या फोल्डरात जाईल. तिथं पन्नासेक फाइली जमल्या. वरच्या चार-पाच उघडून दुरुस्त केल्या आणि उरलेल्या सवडीनं बघू म्हणून ठेवून दिल्या. सवड काही झाली नाही.

पुढच्या जुलैत एक आजोबा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाइल, आणि तिच्यातले कागद माझ्या कॉम्प्युटरपेक्षा नीट लावलेले. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झालेले.

“नातीचा नंबर लागलाय बाई, नांदेडला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंगला,” ते म्हणाले. “जात पडताळणीचा कागद दिला न्हाई तर सीट जातंय म्हनून राह्यलेत. आमी बौद्ध. पर माझ्या बापाच्या येळंला म्हार लिवायचे. पन्नासच्या आधीची नोंद पायजे, आन् माझा बाप ह्याच शाळंत दोन वर्सं शिकला.”

मी रुबाबात फोल्डर उघडला. पहिला फोल्डर १९४९ चा होता. त्याच्या आधी काहीच नाही. मी त्यांना स्क्रीन फिरवून दाखवली सुद्धा.

“नाही हो आजोबा. त्याच्या आधीची नोंदच नाही.”

“आसंल हो बाई. उर्दूत सही करायचा माझा बाप. हितंच शिकला.”

“कॉम्प्युटरमध्ये नाही,” मी म्हटलं. हे वाक्य ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मला आजही आठवतो. कार्यालयात बसलं की घशात आपोआप तयार होतो तो. मग मी ‘नोंद आढळून येत नाही’ असं पत्र टाइप केलं, सरांची सही आणली, शिक्का मारला. आजोबांनी पत्र दोनदा वाचलं, चौकोनी घडी घालून फाइलमध्ये ठेवलं, आणि गेले. नातीची सीट मी पाच मिनिटांत घालवली होती. मला वाटत होतं मी काम उरकलं.

डबा खाताना ती उर्दू सही डोक्यात घोळायला लागली. तो माणूस उर्दूत सही करायचा, म्हणजे शाळेत उर्दू शिकला. म्हणजे शाळेचा कारभार तेव्हा उर्दूत होता. मग रजिस्टरही उर्दूत असणार. आणि माझ्या एवढ्या सगळ्या फोल्डरांत मी उर्दूचं एकही पान पाहिलं नव्हतं. आता मला शंका नव्हती, नुसती उत्सुकता होती. ती पानं गेली कुठं?

“चाचा, तुम्ही उर्दूतली पानं स्कॅन केली होती?”

“केली की. चाळीसेक आसतील. लई नाजूक व्हती.”

“त्यांना नाव काय दिलं?”

“जे लिवलंय ते. तेराशे चोपन्न, पंचावन्न...”

पोळीचा घास हातात तसाच राहिला. मी ‘चुकीचे’ उघडला. वरच्या चार-पाच फाइली दुरुस्त करून मी थांबले होते, त्याच्या खाली, जिथवर मी कधी गेलेच नव्हते, तिथं सगळी उर्दू पानं ओळीनं बसली होती.

“ते फसली साल हाय म्याडम,” चाचा म्हणाले. “निजामाचं. पाचशे नव्वद मिळवा, मंग इंग्रजी साल येतंय.”

फसली हा शब्द मला काही नवा नव्हता. जमिनीच्या जुन्या कागदांवर तो असतो, आमच्या घरीही कितीदा कानावरून गेलेला. पण स्क्रिप्ट लिहिताना माझ्या डोक्यात एकच कॅलेंडर होतं, भिंतीवरचं. तेराशे पंचावन्न अधिक पाचशे नव्वद, एकोणीसशे पंचेचाळीस. चाचा लहानपणी मशिदीत उर्दू शिकलेले. ते उजवीकडून डावीकडं बोट फिरवत एकेक नाव वाचत गेले आणि चौथ्या पानावर थांबले. आजोबांच्या अर्जातलं नाव जुळलं, त्या नावापुढचं वडिलांचं नाव जुळलं, जातीचा रकानाही भरलेला होता.

अर्जावर फोन नंबर होता. आजोबा मुरुडच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत होते. “या परत, लगेच या,” एवढंच मी म्हटलं.

ते आले तेव्हा पान स्क्रीनवर उघडंच होतं. त्यांनी चष्मा लावला. त्यांना उर्दू येत नव्हती, मराठी येत होती, आणि स्क्रीनवर त्या पानाच्या वर फोल्डरचं नाव मराठीतच होतं.

“चुकीचे?” त्यांनी विचारलं.

मशीनवर ढकलता आलं असतं. पण तो शब्द मीच टाइप केला होता. मी तसं सांगितलं, सालाचा घोळ सांगितला, आणि चूक माझी आहे असंही सांगितलं.

त्यांनी स्क्रीनवरच्या पानाकडं पाहिलं. मग म्हणाले, “माझा बाप दाराबाहिर बसायचा. मास्तर आत शिकवायचा आन् ह्यो बाहिरून आयकायचा. पाटी दाखवायची तर उंबऱ्यावरनं सरकवायची.”

मला फार लाज वाटली. चाचा मात्र वाचतच होते. आजोबांच्या वडिलांच्या वरच्या ओळीत गावच्या पाटलाचा मुलगा होता आणि खालच्या ओळीत दुकानदाराचा.

“ही समदीच ह्या चुकीच्यात व्हती?” आजोबांनी विचारलं.

“समदीच,” चाचा म्हणाले.

“पाटलाचं पोरगंबी?”

“त्येबी.”

आजोबा हसायला लागले. चष्मा काढून, डोळे पुसत, इतके मोठ्यांदा की सर बाहेर आले. “बाई, तुमच्या मशिनीनं पाटलाच्या पोरालाबी दाराबाहिर बसवलं म्हना की!”

चाचाही हसले. मला हसता येईना. मी सकाळचं पत्र परत मागून घेतलं आणि फाडलं. मग त्यांच्यासमोरच फोल्डरचं नाव बदललं.

“आता काय लिवलं?”

“मला न कळलेले.”

“आता ठीक हाय,” ते म्हणाले.

पानाची साक्षांकित प्रत घेऊन ते लातूरला गेले, तिथं अधिकृत भाषांतर करून घेतलं, समितीकडं दिलं. त्यानंतर मी स्क्रिप्टमध्ये पाचशे नव्वद मिळवणारी एक ओळ घातली आणि १९४९ च्या वर चार नवे फोल्डर उगवले. कागद मिळेल की नाही ते महिनाभर कळलं नाही. रोज दुपारी फोन वाजला की मी आधी नंबर बघायची.

शेवटी फोन आला तो विष्णुपुरीहूनच. कागद मुदतीत मिळाला होता, नात हॉस्टेलवर राहायला गेली होती, आजोबा तिची गादी पोचवायला गेले होते. हे सगळं सांगून झाल्यावर ते जरा थांबले.

“आन् बाई, पाटलाच्या पोराला घेतलं का आत?”

“घेतलं,” मी म्हटलं. “तुमच्या वडिलांच्या शेजारीच बसवलंय.”