चूल पेटलेली दिसली पाहिजे

माझ्या बायकोनं, ठकूनं, शेवटचं काम केलं ते उसाच्या पाचटाच्या पेंढ्या वर देण्याचं. दुपारची वेळ, मी छपरावर, ती खाली. "अवो, डोळं फुटलं का? त्या कोपऱ्यातनं आभाळ दिसतंय!" मी म्हटलं, "दिसू दे, तुला चांदण्या बघाय बऱ्या." हसली, एक पेंढी दिली आणि कुडाला टेकून बसली... मी पुढच्या पेंढीसाठी हात खाली केला तो तसाच राहिला. उतरलो तवा ती गेली होती.

दीड महिना झाला. मी दुसरी शिकलेला माणूस, गोड लिहिता येत नाही. आमच्या माघारी नातींना छप्पर राहील का, ही काळजी आधी दोघांत होती. आता एकट्याला आहे.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली आमचा मुलगा आणि सून एकाच आठवड्यात हगवणीनं गेली. मागं सुमन सात वर्षांची, छबी तीन. दौंडला मुलाच्या भाड्याच्या खोलीतच आम्ही राहत होतो. मालकानं महिन्यात खोली मागितली. तोंडावर म्हणाला, "आबा, तुम्ही दोघं उद्या गेलात तर ह्या पोरी माझ्या गळ्यात." पुढच्या दोन खोल्याही अशाच गेल्या. तिसऱ्या मालकाला ठकूनं विचारलं, "तुम्ही काय म्हातारं व्हनारच न्हाई व्हय?" त्यानं आमची भांडी बाहेर ठेवली. तेव्हापासून सुमन दप्तर उशाला घेऊन झोपायची. कधी निघावं लागेल, काय नेम?

न्हावऱ्याला बेघरांना सरकार घरासाठी जागा देतंय असं कळलं. ठकू तलाठ्याकडं इतके हेलपाटे घालायची, की भाऊसाहेब तिला बघून म्हणायचे, "मावशी आल्या, आता माझं जेवण राहिलं!" शेवटी जागा मिळाली. अट एकच, घर उभं पाहिजे आणि त्यात माणूस राहतं पाहिजे. पाहणीला कुलूप दिसलं तर जागा दुसऱ्याला. "चूल पेटलेली दिसू द्या, मी लगेच लिहितो," भाऊसाहेब म्हणाले होते. पाहणी ठरली होती ती नेमकी ठकू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

दिवस मावळताना तिला अग्नी देऊन आलो. मांडवगणचा मेव्हणा म्हणाला, "दाजी, घराला कुलूप घाला, दहा दिवस माझ्याकडं चला. म्होरं एक पोर मी ठिवतो, एक तिच्या मावशीकडं धाडू." माणूस वाईट नाही. सुतकात घरची चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणून देतात, ही आपली रीत. मीही जन्मभर पाळली. सुमन दप्तर खांद्याला लावून दारात उभी राहिली, छबीचा हात घट्ट धरून...

मेव्हण्याला म्हटलं, "पोरी कुठं जायच्या न्हाईत."

सकाळी उजाडताच मी चूल पेटवली. शेजारची पारू धावत आली, "आबा, याड लागलं का? तिची राखसुदीक गार झाली न्हाई!"

"ठावं हाय मला," म्हणालो.

भाकरी कधी थापली नव्हती. पीठ हाताला चिकटलं, भाकरी मोडली, तशीच तव्यावर टाकली. जळायला लागली तरी काढली नाही. रस्त्यावरनं धूर दिसायला पाहिजे होता.

भाऊसाहेब आले, दारातनं आत डोकावले. "मावशी कुठंयत?"

"काल गेली."

त्यांनी वही मिटली. "आबा, मी नंतर येतो."

"नगं. चूल पेटलीय. लिवा."

ते उभ्याउभ्याच लिहायला लागले. मी भाकरी उलटली.