राशीला जोडलेले हात

खळं आठवलं की मला आधी उजेड आठवतो. साखरशेत गावातलं आमचं खळं शेणानं सारवलेलं, मधल्या खांबाभोवती बैल संथ फिरताहेत, आणि उफणलेल्या भाताचा भुसा उन्हात नुसता तरंगतोय, खाली यायचं नाव घेत नाही. मला वाटायचं, आपण अजून झोपेतच आहोत. तेव्हा जव्हारला राजा होता म्हणे. असेल बापडा. आमचं जग त्या खळ्याएवढंच.

तिथं एक रीत होती. भाताची रास घरी जाईपर्यंत कुणी वाकडं बोलायचं नाही. धान्याची देवी कणसरी राशीत बसलेली असते. तिच्या कानी वाईट शब्द गेला तर ती उठून चालू लागते. म्हणून एरवी दिवसभर एकमेकींवर डाफरणाऱ्या आई आणि आजी खळ्यावर मात्र बाळ निजवल्यासारख्या हळू बोलायच्या.

त्या वर्षी फुई, म्हणजे माझी आत्या, पोशेऱ्याहून माहेरी परत आली होती. नवऱ्यानं मारून तिचा हात मोडला होता आणि तो वाकडाच जुळला होता. त्याच हातानं ती सूप पाखडायची, आणि दुपारी मी तिच्याच मांडीवर निजायचो. माझा फार जीव होता तिच्यावर.

आणि मीच बोललो.

मी पेंढ्याच्या ढिगावर उड्या मारत होतो. "उतर रं, पडशील," ती म्हणाली. एवढंच! पण मला काय झोंबलं कोण जाणे. पाणवठ्यावर बायका कुजबुजत ते ऐकलेलं सगळं ओकून टाकलं. "तू कोण सांगणार? नवऱ्यानं हाकललेली! आयतं खायला आलीस आमच्याकडं!"

आजानं बैल थांबवले. "मेल्या, कणसरीनं ऐकलं ना!" म्हणत आजीनं कपाळ बडवून घेतलं. मग एकच धांदल उडाली. कुणी दिवा आणला, कुणी झेंडूची फुलं. मला मानेला धरून राशीपुढं नाक घासायला लावलं. मीही घाबरून पुन्हा पुन्हा हात जोडले, "चुकलो, जाऊ नको" म्हणालो. आजीनं रास चाचपून बघितली, "बसलीय अजून," म्हणाली, आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. बैल पुन्हा फिरू लागले.

फुई पाठमोरी पाखडत होती. तिच्याकडं कुणी बघितलंच नाही.

दिवस कलताना नव्या तांदळाचा भात शिजला. नवं अन्न घरातल्या सगळ्यांनी मिळून खायचं, तेव्हा पानं मोजून मांडली. एका पानावर कुणी येईना. कोपऱ्यातलं फुईचं गाठोडंही नव्हतं.

"पोशेऱ्याला निघाली," आजा पुटपुटला. त्या माणसाकडं ती परत गेली तर काय होईल, हे मलासुद्धा कळत होतं.

मी धावलो. कसा धावलो देव जाणे. पिवळ्या गवतातली ती वाट अजून माझ्या झोपेत येते, आणि झोपेत ती कधी संपतच नाही. ओहोळापाशी तिला गाठलं, लुगड्याला लोंबकळलो, ओरडलो, "फुई, कणसरी गेली नाही! मी पाया पडलो तिच्या!"

ती थांबली. "तिला बोलला होतास का रं?"

मला रडूच फुटलं. दोन्ही हातांनी तिचा वाकडा हात धरला आणि म्हणालो, "फुई, तुला बोललो. चुकलं माझं. घरी चल."

ती गाठोडं माझ्या डोक्यावर ठेवून माघारी वळली.

पुढं मी जव्हारला मास्तर झालो. वर्गात कुणी कुणाला टाकून बोललं, की पोरं आधी माझ्याच पाया पडायला धावतात. मी पाय मागं घेतो. "इकडं कशाला येता, गाढवांनो? तिकडं जा, ज्याला बोललात त्याच्याकडं," असं खेकसतो. आणि मग त्यांना फुईची गोष्ट सांगतो.

शेवट मात्र सांगवत नाही. फुई परत आली, आमच्यातच म्हातारी झाली, माझी लेकरंही तिनंच वाढवली. पण मी भात वाढायला गेलो, की पहिल्या वाढीनंतर ती पानावर हात आडवा धरायची.

"पुरे रं," हसून म्हणायची, "आज माझ्या हातून काम कुठं झालंय एवढं?"

मरेपर्यंत तिनं दुसऱ्यांदा भात घेतला नाही.